एकही पेटी परत आली नाही

एखाद्या माणसाला मान देऊन देऊन बहिरं करता येतं का?

येतं. तुम्ही करून राहिलात. मीही केलंय, म्हणून तर लिहायला बसले. लातूरपासून नांदेडपर्यंत ज्यांच्या मंडळात पेटी आहे आणि ज्यांच्या गल्लीतून मिरवणूक जाते, त्या प्रत्येकाला हे लागू आहे. वाचून राग आला तर येऊ द्या. मला येऊन सात महिने झाले, अजून उतरला नाही.

गंजगोलाईच्या मागं, कापडाच्या दुकानांची रांग संपते तिथं चांदपाशांचं दुकान आहे. दुकान म्हणायचं आपलं, दोन माणसं आत बसली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं. तिथं हार्मोनियम दुरुस्त होतात. भजनी मंडळांच्या येतात, दर्ग्यातल्या कव्वालांच्या येतात, मठातल्या, शाळेतल्या, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात कीर्तन करणाऱ्या रागी लोकांच्यासुद्धा येतात. पेटी लावणं म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते. पेटीत प्रत्येक पट्टीखाली पितळेची एक पातळ जीभ असते. ती टोकाशी खरवडली की सूर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो. किती खरवडायचं, ते कानानं ठरवायचं. चांदपाशांच्या कानानं तीस वर्षं ते ठरवलं. काम झालं की पेटीच्या आतल्या लाकडावर ते शिसपेन्सिलीनं तारीख घालतात आणि खाली नुसतं ‘चां.’ लिहितात.

आता मोबाइलमध्ये सूर मोजायचं अ‍ॅप मिळतं. त्याला पाशाभाई थर्मामीटर म्हणतात. “ज्याला ताप हाय त्याला लावा की, अक्का. माझी पेटी ठणठणीत हाय.”

ह्याच माणसाची एकुलती पोरगी मनतशा. लातुरात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आणि मग नांदेडला गेली. तिथं एका कॉलेजात दोन वर्षांचा नवा कोर्स निघालाय, संगीत तंत्रज्ञान आणि संगणन. मी विचारलं, तिथं शिकवतात काय? तर म्हणाली, “आवाजाचे आकडे करायचे अक्का, आणि आकड्यांचा आवाज.” गल्लीत टवाळी व्हायची ती झालीच. पेटीवाल्याची पोरगी पेटीत एम.एस्सी. करून राहिली म्हणे, उद्या भात्यात पीएच.डी. करंल. पाशाभाई हसून घ्यायचे. त्यांना काही बोचत नव्हतं. पोरगी शिकते याचा त्यांना किती गर्व होता, ते त्यांच्या चालण्यात दिसायचं.

नांदेडला मनतशा इतवारा मोहल्ल्यात मावशीच्या, जाहिदा खालाच्या घरी राहायची. तिच्या मार्गदर्शक मृण्मयी मॅडम. नोकरदार घरातल्या, साध्या बाई, गाणं शिकलेल्या. प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा मनतशानं सहज सांगितलं, की अब्बा प्रत्येक पेटीत तारीख लिहितात. मॅडम खुर्चीतून उठल्याच. “अगं, मग दुसरा विषय शोधतेस कशाला? एकाच माणसानं लावलेल्या, तारखा असलेल्या पेट्या! असा साठा कुणाकडे असतो?”

पोरगी निघाली. पाठीवर बॅग, बॅगेत माइक आणि लॅपटॉप. किनवटला आश्रमशाळेत गेली, धर्माबादला व्यापाऱ्यांच्या भजनी मंडळात, लोह्याला, उदगीरला. तब्बल एकसष्ट पेट्या. प्रत्येक पेटीची प्रत्येक पट्टी दहा-दहा सेकंद दाबून धरायची, भाता एका लयीत हलवायचा आणि रेकॉर्ड करायचं. तिनं स्वतः लिहिलेला प्रोग्राम मग कंपनं मोजायचा आणि सूर जिथं हवा तिथून किती सरकलाय ते सांगायचा. माप सेंटचं. शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक सेंट. दोन-तीन सेंट इकडं-तिकडं झालं तर तुम्हाला-मला कळत पण नाही.

खर्ज जिथल्या तिथं निघाला. मधलं सप्तक जिथल्या तिथं. वरचं सप्तक मात्र चढं. पेटीमागून पेटी तेच. आणि वरचा सा तर सुईसारखा टोचणारा.

मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, ही चूक नसणार, इतकी सारखी चूक होत नसते. ही या भागाची आवड आहे, इथला ढंग आहे. त्यांनी नावही ठेवलं, ‘लातूर ढंग’. एका परिषदेला निबंधाचा गोषवारा पाठवला आणि तो मंजूरही झाला. मनतशानं अब्बांना फोन करून सांगितलं, तुमच्या हाताला आता नाव मिळालंय. पाशाभाईंनी त्या दिवशी सगळ्या गल्लीला चहा पाजला. मीही प्याले.

चहा पिताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. याआधीही सांगितली होती, पण त्या दिवशी जरा जास्त रंगून सांगितली.

“अक्का, आता मला सूर धरायला काहीच लागत न्हाई बघा. कानात सा लागलेला असतो. दिवसभर. झोपेतून उठलो की पहिला तोच. अल्लाची देन हाय. वरची पट्टी लावताना मी नुसता आतला सा ऐकतो, आणि बाहेरचा त्याला नेऊन जोडतो.”

दुकानासमोर बसलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. कव्वालीतला एक म्हातारा तर त्यांच्या पाया पडायला निघाला. पाशाभाईच्या कानात सा राहतो, ही गोष्ट त्या आठवड्यात अहमदपूरपर्यंत पोचली. मीही चार जणांना सांगितली. मोठ्या कौतुकानं सांगितली.

यानंतर मनतशा उदगीरकडच्या एका मंडळात गेली. तिथले पंचाक्षरी नावाचे गृहस्थ पेटी वाजवतात, चाळीस वर्षं वाजवतात. पेटी मोजून झाल्यावर तिनं विचारलं, “काका, वरचा सा तुम्हाला बोचत नाही?”

“बोचतो की.”

“मग?”

“मग काय? पाशाभाईंनी लावलाय. बरोबरच असणार. आम्हीच गळा जरा चढवून घेतो.”

“त्यांना सांगितलं नाही कधी?”

पंचाक्षरी तिच्याकडं बघतच राहिले. “त्या माणसाला सांगायचं? आमच्या वडलांची पेटी लावलेला माणूस! पोरी, तुला तोंड हाय, आम्हाला न्हाई.”

मनतशाला आधी आनंद झाला. गाणारे पेटीप्रमाणं स्वतःला बदलतात, हे तर प्रबंधात लिहायला सोन्यासारखं. पण एसटीत बसल्यावर तिच्या डोक्यात राहिलं ते वेगळंच. बोचतो की. लोह्यात तिनं हाच प्रश्न विचारला होता, धर्माबादला विचारला होता. सगळीकडं आधी हसू, मग खाली मान, मग ‘पाशाभाईंनी लावलाय’. आवड असती तर बोचला का असता?

तोपर्यंत तिनं आकडे गावाप्रमाणं मांडले होते. त्या गाडीत मांडीवर लॅपटॉप ठेवून तिनं ते पहिल्यांदा तारखेप्रमाणं मांडले. पेटीतली पेन्सिल, चां., वर्ष.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात. चहाला नको म्हणाली. आमच्या गल्लीत चहाला नको म्हणणारं माणूस आजारी तरी असतं नाहीतर भांडायला आलेलं असतं.

“अक्का, वीस आणि एकवीस साली काय नव्हतं?”

“काय नव्हतं म्हणजे? काहीच नव्हतं. करोना होता.”

“नीट सांगा. लातुरात काय बंद होतं?”

“बाजार बंद, शाळा बंद, लग्नं बंद…”

“लग्नं होत होती, थोडी. पेट्याही लावायला येत होत्या, थोड्या. अजून काय?”

मी म्हणाले, मिरवणुका.

तिनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. मी सातवी शिकलेली बाई, पण चढ आणि सपाटी कळायला कॉलेज लागत नाही. सोळा सालापर्यंत रेघ जमिनीला चिकटलेली. सतरापासून ती चढत जाते, एकोणीस सालात नऊ सेंट. मग दोन वर्षं सपाट, कुणी पट्टी धरून मारल्यासारखी. बावीसपासून परत चढ, आणि आता आधीपेक्षा उभा. गेल्या वर्षीच्या पेट्या अठ्ठावीस सेंट.

“ह्या मिरवणुका आहेत,” मनतशा म्हणाली. “हा ढंग-बिंग काही नाही.”

मला समजायला वेळ लागला नाही, कारण मला माहीत होतं. अख्ख्या लातूरला माहीत आहे. महांतेशचा साउंडचा धंदा आहे. ट्रॉलीवर स्पीकर एकावर एक रचून तो दोन मजली भिंत उभी करतो. मिरवणूक निघायच्या आधी भिंतीची चाचणी होते, गावाबाहेरच्या मैदानात. कुठला स्पीकर फाटतोय, कुठला मागं पडतोय, हे कानानं शोधायला लागतं, आणि जिल्ह्यात सगळ्यात चांगला कान कुणाचा? मनतशा अकरावीला गेली त्या वर्षी, म्हणजे सतरा साली, महांतेश दुकानात आला. म्हणाला, चाचा, तुम्ही नुसतं समोर उभं राहायचं आणि बोट दाखवायचं. क्लासची फी भरायची होती. पाशाभाई गेले. तेव्हापासून जातात. दर हंगामाला, भिंतीपासून दहा फुटांवर, डोळे मिटून, दोन-दोन तास. आणि मिरवणुकीच्या दिवशी भिंतीबरोबर चालत, कारण आवाज मध्येच फाटला तर महांतेशची इज्जत जाते.

महांतेशनं एकदा त्यांना कानात घालायला बोळे दिले होते. पाशाभाईंनी परत केले. “कान बंद करून ऐकू काय?”

मी मोर्चे काढते त्या आमच्या संघटनेच्या मिरवणुकीलाही तीच भिंत होती. तीन वर्षं. भिंतीला वर्गणी गोळा करणाऱ्यांत मी होते, आणि भिंतीपुढं नाचणाऱ्यांतही मीच. पाशाभाई डोळे मिटून चालत होते, आणि मी त्यांना हात जोडून पुढं गेले होते. मान दिला होता.

मनतशा म्हणाली, “मला आधी खात्री करायचीय.”

डॉक्टरकडं चला म्हटलं असतं तर पाशाभाईंनी ताट भिरकावलं असतं. म्हणून तिनं प्रबंधाचं निमित्त केलं. अब्बा, माझ्या अभ्यासाला तुमचा कान लागतोय. फोनवर एक-एक सूर वाजंल, ऐकू आला की बोट वर करायचं. पाशाभाई खूश. अंगात धुतलेला सदरा घालून बसले. मनतशाची आई नाजिया स्वयंपाकघराच्या दारात, मी खाटेवर. घरात ते दखनीत बोलतात, मी ऐकलं तसं लिहिते.

हेडफोन लावला. खालचे सूर, बोट वर. मधले, बोट वर. वरचे सुरू झाले आणि मला वाटलं, पोरीचं काहीतरी चुकलंय. कारण पाशाभाई धडाधड बोट वर करत होते. एकही सोडला नाही. नाजियानं तिथूनच सुटल्यासारखा श्वास टाकला.

मनतशाचा चेहरा मात्र उतरत चालला होता. मला वाटलं, ते तिच्या बोटांकडं बघून फसवत असतील. तिलाही तेच वाटलं असणार, कारण ती उठली आणि पाठ करून बसली. परत सुरू केलं. परत बोट वर. वर. वर.

शेवटी तिनं फोन ठेवला. पाशाभाईंनी हेडफोन काढला आणि विचारलं, “पास?”

“अब्बा, आखरी के दस. कैसे थे?”

“एकदम साफ. सबसे साफ वही थे.”

मनतशा माझ्याकडं वळली आणि हळू मराठीत म्हणाली, “अक्का, शेवटच्या दहांत मी काहीच वाजवलं नव्हतं.”

ती हळू बोलली, पण खोली केवढीशी. नाजियाला ऐकू गेलं, मला ऐकू गेलं. दोन हातांवर बसलेल्या पाशाभाईंना गेलं नाही. ते हसत होते.

त्यांच्या कानातला तो सा. तो मरत चाललेल्या कानाचा आवाज आहे. कॉलेजात तिला तेच शिकवलं होतं, मोठ्या आवाजानं कान सडत जातो तेव्हा तो स्वतःच शिट्टी वाजवायला लागतो. ती शिट्टी अल्लाची देन समजून एक माणूस आठ वर्षं तिला जिल्ह्यातल्या पेट्या जोडत होता, आणि आम्ही पाया पडत होतो.

मग नाजियानं एकेक सांगितलं. कुकरच्या शिट्ट्या त्यांना कळत नाहीत. दाराची बेल कळत नाही. मोहल्ल्यातली लेकरं सलाम करतात तर हे न बघता पुढं जातात, लोकांना वाटतं भाईला आता गर्व झाला. “मेरेकू लगा, उम्र है,” ती म्हणाली. ती घरातलीच. तिनंही कधी तोंडावर सांगितलं नव्हतं.

मनतशानं त्याच संध्याकाळी त्यांना सांगितलं. मी तिथं नव्हते, पण पाशाभाईंचा आवाज माझ्या घरापर्यंत आला. आताशा ते मोठ्यानंच बोलतात. पोरगी म्हणाली, मी कोर्स सोडते, फी नको आणि भिंतही नको. ते म्हणाले, शेवटचं सहा महिन्यांचं राहिलंय, सोडलंस तर माझं तोंड बघू नको. आणि कानाचं म्हणशील तर ती तुझ्या डबड्याची खोट आहे.

मी महांतेशकडं गेले. भांडायचं ठरवूनच गेले. तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली. “अक्का, मी कसं नको म्हणू? हंगाम लागायच्या आत चाचा स्वतः फोन करतात. मी दुसरा माणूस आणला तर त्यांना काय वाटंल? मला बापासारखे हायेत.” बघा. तोही मानच देत होता. मी म्हणाले, बापाला असा दहा फुटांवर उभा करतोस का रे?  नवी भिंत तीन मजली आहे. मागं उभीच होती, ताडपत्री टाकलेली.

तिकडं नांदेडला मृण्मयी मॅडमनी सगळं ऐकलं. बाई वाईट नाहीत. म्हणाल्या, शीर्षक ‘लातूर ढंग’च राहू दे आणि कारण तळटिपेत घाल. तुझ्या वडिलांची बदनामी तू तुझ्या हातानं कशाला करतेस? मनतशानं विचारलं, “मॅडम, तळटीप कोण वाचतं?”  मग मॅडमनी स्वतः परिषदेला पत्र लिहून निबंध मागं घेतला आणि प्रबंधाचं शीर्षक बदललं.

तोंडी परीक्षेला घरचे चालतात. आम्ही चौघं गेलो, पाशाभाई, नाजिया, जाहिदा खाला आणि मी. पाशाभाई पहिल्या रांगेत मधोमध. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. हॉलमध्ये दोन कूलर गरगरत होते. मनतशानं पडद्यावर ती रेघ लावली. सोळा, सतरा, सपाट, उभा चढ. आणि भरल्या हॉलमध्ये, बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर, एक शब्द न गिळता सांगितलं. या सर्व पेट्या एकाच माणसानं लावल्या आहेत. त्या माणसाला वरचं सप्तक आता नीट ऐकू येत नाही. मिरवणुकांचा आवाज बंद होता तेव्हा हानी थांबली होती, म्हणजे ती आजही थांबवता येईल. याच वेगानं आवाज चालू राहिला तर दोन हंगामांत वरचं सप्तक पूर्ण जाईल आणि त्यानंतर माणसांचं बोलणं.

प्रत्येक वाक्याला पाशाभाई मान डोलवत होते. ‘ऐकू येत नाही’ या शब्दांना तर हसून डोलवली, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला कोपर लावून म्हणाले, “बेटी है मेरी.” त्या कूलरच्या घरघरीत त्यांच्यापर्यंत एक शब्द पोचला नव्हता. लोकांचे हात हलताना दिसले तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांपेक्षा जोरात. मनतशा व्यासपीठावरून त्यांच्याकडं बघत होती. तिला पहिला वर्ग मिळाला. मी आयुष्यात मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, पण तो हॉल मला सोसला नाही. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

नांदेडच्या बसस्थानकावर पाशाभाईंनी पेढे घेतले आणि विचारलं, “क्या बोले सब?” नाजियानं पदर सावरला. खाला म्हणाली, बहोत तारीफ किये. मनतशानं खालाचा हात बाजूला केला, फोनवर मोठ्या अक्षरांत सगळं लिहिलं आणि बापाच्या हातात दिलं. हॉलमध्ये जे बोलली तेच, तसंच्या तसं.

ते उभ्यानं वाचत राहिले. दोनदा वाचलं. लातूरची गाडी लागली, लोक चढले, आम्ही तिथंच.

मग ते ओरडले नाहीत. हळू बोलले. फार दिवसांनी हळू बोलले.

“एकसठ पेटियां बोली ना तू? उसमें की एक भी वापस आई क्या? तीस बरस में कोई बोला क्या, पाशा, सूर गलत है? आकडे-बिकडे मेरेकू नको बता. जिस दिन एक पेटी वापस आई, उस दिन महांतेशकू ना बोल दूंगा. जुबान है मेरी.”

चांदपाशा शब्दाचा माणूस आहे. हे मी वीस वर्षं बघितलंय. म्हणून दुसऱ्याच दिवशी आमच्या शाहिरी पथकाची पेटी खांद्यावर टाकून दुकानात गेले. म्हणाले, पाशाभाई, सूर चुकलाय. त्यांनी पेटी उघडली, आत बघितलं आणि हसले. “अक्का, ही मी लावलेलीच न्हाई. सोलापूरकडची हाय. तुम्हाला पोरीनं पाठवलं.” आणि एवढं बोलून तिथंच बसून फुकटात लावून दिली. आता आमचाही वरचा सा बोचतो. पंचाक्षरींना फोन केला. ते म्हणाले, ताई, तुम्ही म्हणता ते खरं असेल, पण माझ्या हातून न्हाई व्हायचं. लोह्याच्या मंडळानं सांगितलं, असू द्या, चालतंय आमचं. धर्माबादवाल्यांनी तर गुपचूप दुसऱ्याकडून लावून घेतली. म्हणजे मान पण राखला आणि काम पण झालं. आणि पाशाभाईंच्या हिशेबात एकही पेटी परत आलेली नाही.

मनतशा सध्या लातुरातच आहे. हैदराबादला नोकरीची मुलाखत होती, गेली नाही. दुकानात बापाच्या समोर बसते, ओठ दिसतील असं तोंड करून बोलते. ते पितळेवर कानस फिरवतात, मान वाकडी करून आतला सा ऐकतात आणि अजून केसभर खरवडतात. ती बघत राहते. गेल्या आठवड्यात महांतेशचा निरोप आला. तीन मजल्यांची चाचणी भाद्रपद लागायच्या चार दिवस आधी, सकाळी दहाला. पाशाभाईंनी सदरा इस्त्रीला टाकलाय.

तुमच्या मंडळाची पेटी उघडा. आत ‘चां.’ असेल तर ती उचला आणि गंजगोलाईला या, चाचणीच्या दिवसाआधी या. एकट्यानं लाज वाटत असेल तर चौघं या, पण उद्यावर टाकू नका. पेटी त्यांच्यासमोर ठेवा. त्यांच्या पाया पडू नका, हात जोडू नका, कानातल्या साचं कौतुक तर अजिबात करू नका. समोर बसून, ओठ दिसतील असं, सावकाश सांगा, “पाशाभाई, वरचा सा चुकलाय, पेटी परत घ्या.” ते चिडतील, पेटी तुमच्याकडं ढकलतील. उचलू नका. तिथंच ठेवून या.